मैदान कोण झाडतं, मैदानावर कोण धावतं?

(जयपूरमध्ये जमलेल्या मराठी भाषक शारीरिक शिक्षण शिक्षकांसमोर आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय साधा आहे : अकरावी-बारावीच्या मुलामुलींना खेळासाठीचं शारीरिक प्रशिक्षण कसं द्यायचं. इथं बसलेल्यांपैकी अनेकांनी बी.पी.एड., एम.पी.एड. केलं आहे. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. त्यामुळं स्नायूंची नावं मी तुम्हाला शिकवायची नाहीत, तुम्ही मला शिकवायची. पण गेली दोन वर्षं पीएच.डी.च्या कामासाठी मी जयपूरमध्ये राहते. शाळेत आणि मैदानावर जात कशी वावरते, हा माझा अभ्यासाचा विषय. वस्तीत जाऊन नुसते प्रश्न विचारायचे आणि उत्तरं घेऊन निघून यायचं, हे मला पटत नव्हतं. कॉलेजात असताना मी आठशे मीटर पळायचे, थोडंफार प्रशिक्षणही घेतलं होतं. म्हणून एका वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत सकाळी मुलामुलींना पळवायला सुरुवात केली. बहुतेक अकरावी-बारावीची. बैरवा, रैगर, मेघवाल, वाल्मीकी घरांतली, काही मीणा, काही मुसलमान कारागिरांची. आज जे बोलणार आहे ते त्या मैदानावर शिकवताना लक्षात आलेलं आहे.

आधी मुद्दा सांगते, मग त्याचा तपशील. प्रशिक्षणाचं शास्त्र असं सांगतं की शरीराची क्षमता घडवता येते. जात असं सांगते की ती जन्मानं ठरते. म्हणजे नीट शिकवलं तर प्रशिक्षणाचा तास हा जातीविरोधी तास असतो. आणि नीट शिकवलं नाही, तर तोच तास जातीची उजळणी करून घेतो.

ही मुलं कशासाठी पळतात?

शाळेच्या पुस्तकात प्रशिक्षणाचा हेतू ‘क्रीडा कामगिरी उंचावणं’ असा लिहिलेला असतो. आमच्या मैदानावर पहिल्याच दिवशी मी विचारलं, कशाची तयारी करायची आहे? एकानंही ऑलिंपिक म्हटलं नाही. उत्तर एकच : फिजिकल. म्हणजे भरतीची शारीरिक चाचणी. पोलीस, सैन्य, निमलष्करी दल. आपल्याकडं बीड, परभणी, गडचिरोलीत पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं असतात ना, तीच गोष्ट. फक्त भाषा वेगळी.

राजस्थान पोलिसांच्या शिपाई भरतीत मुलांना पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत आणि मुलींना पस्तीस मिनिटांत पळावं लागतं. महाराष्ट्रात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सैन्यात १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं तर पूर्ण ६० गुण.

आता हे आकडे मुलांना नुसते आकडे म्हणून माहीत असतात. त्यांचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. पाच किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या साडेबारा फेऱ्या. पंचवीस मिनिटं म्हणजे एका फेरीला बरोबर दोन मिनिटं. आमची मुलं पहिली फेरी सव्वा मिनिटात मारायची आणि चौथ्या फेरीला कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. मग घरी जाऊन म्हणायची, माझ्यात दम नाही. दम होता, हिशोब नव्हता. मोबाईलच्या घड्याळावर दोन मिनिटांची फेरी पळायला शिकवलं तेव्हा पहिले दोन आठवडे मुलं वैतागली. इतकं सावकाश? ही काय तयारी झाली? तिसऱ्या आठवड्यात त्यांतली बरीचशी न थांबता आठ फेऱ्या मारत होती.

हा तुम्हा शिक्षकांसाठी अगदी प्राथमिक धडा आहे, मला माहीत आहे. पण मोठ्या खासगी शाळेतल्या मुलाला हा धडा सातवीत मिळतो. आमच्या मुलांना तो बारावीपर्यंत मिळालेला नव्हता. आणि जो धडा मिळाला नाही, त्याचं खापर ती स्वतःच्या शरीरावर फोडत होती. जात माणसाच्या मनात शिरते ती अशी.

चार दिवस काम, तीन दिवस शरीराचं काम

मुलांची समजूत अशी की रोज उलटी होईपर्यंत पळलं म्हणजे तयारी. ही समजूत त्यांनी कुठून घेतली? घरातून. त्यांच्या घरात श्रमाचा अर्थच हा आहे. जितकं जास्त उपसाल तितकं पोट भरेल. थांबला तो उपाशी.

प्रशिक्षणाचं शास्त्र नेमकं याच्या उलट आहे. व्यायामानं शरीर बलवान होत नाही, व्यायामानं ते थकतं, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. बलवान होतं ते नंतर. झोपेत, विश्रांतीत, अन्न मिळाल्यावर. ताण, विश्रांती, अन्न, या तिन्हींची सांगड बसली की शरीर आधीपेक्षा थोडं वर चढतं. यातलं एक काढून घेतलं की तेच शरीर खाली घसरतं.

म्हणून आमचं वेळापत्रक आठवड्यातले चार दिवस. दोन दिवस सावकाश पळणं, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगानं. एक दिवस ४०० मीटरच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर चालत विसावा. एक दिवस ताकदीचा : बैठका, जोर, एका पायावर तोल, दोरीउड्या, पायऱ्यांवर चढउतार आणि वाळू भरलेली गोणी. अंतर दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं. दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं. सुरुवातीला दहा मिनिटं अंग गरम करणं, शेवटी दहा मिनिटं सैल होणं. एप्रिलपासून पुढं जयपूरच्या उन्हात सूर्य वर यायच्या आत सगळं संपवायचं. या सगळ्याला खर्च जवळजवळ शून्य.

सोबत प्रत्येकाला एक वही. चार रकाने : किती पळालो, कसं वाटलं, किती तास झोपलो, काल काय खाल्लं. हे मी प्रशिक्षणासाठी सुरू केलं होतं. पण पहिला महिना संपला आणि माझ्या लक्षात आलं की या वह्यांमध्ये समाजशास्त्र लिहिलेलं आहे.

विश्रांती कुणाच्या वाट्याला येते?

झोपेच्या रकान्यात पाच, साडेपाच, कधी चार. का? जयपूर रत्नांचं शहर म्हणून जगात प्रसिद्ध. ते खडे घासायला, पैलू पाडायला माणसं लागतात. आमच्यातला एक मुलगा शाळा सुटली की रात्री दहापर्यंत खडे घासायला बसतो. मान खाली, खांदे पुढं, डोळे बारीक. सकाळी तोच माझ्यासमोर पळायला उभा राहतो आणि त्याचे खांदे मागं जात नाहीत. कुणी लग्नाच्या मोसमात मंडपाचं काम करतं, कुणी वडिलांबरोबर चुनाकामाला जातं. मुलींच्या वहीत तर ‘काम’ असा शब्दच नाही, कारण पाणी, झाडू, स्वयंपाक, धाकटी भावंडं याला घरात काम म्हणत नाहीत.

एका मुलाच्या नडगीचं दुखणं वाढत गेलं. सकाळी पळायचा, सुट्टीच्या दिवशी सिमेंटची पोती वाहायचा. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे पाय पूर्ण आराम. मी पळणं थांबवलं. पण पोती कोण थांबवणार? त्याची आई मला म्हणाली, ‘बाई, तुमचा आराम आमच्या घरी तीन आठवड्यांच्या मजुरीचा आहे.’ या वाक्याला प्रशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंहार’मध्ये दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. मैदानावर उभं राहून मी त्यात एवढीच भर घालते की ती विश्रांतीचीही विभागणी आहे. कोण दमणार आणि कोण दम खाणार, हेसुद्धा तिनं ठरवलेलं आहे.

आता जेवणाचा रकाना. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. नववीत गेल्यावर ताट बंद. म्हणजे शरीर झपाट्यानं वाढायला लागतं, त्याच वयात शाळेतलं जेवण थांबतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम आणि मुलीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे. पळणाऱ्याला त्याहून जास्त. आमच्या वह्यांमध्ये रोटी, चटणी, चहा, कधी डाळ. अंडं लिहिताना एक मुलगी आधी विचारायला आली, ‘मॅडम, हे लिहिलं तर चालेल ना?’

तिनं का विचारलं असेल? कारण अंडं खाणं हे लपवायचं असतं, हे तिला शाळेनं शिकवलेलं आहे. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा काढून घेतला. अंडं हवं असेल तर लोकवर्गणी करा म्हणाले. ज्यांच्या ताटात दूध, तूप, पनीर, बदाम रोज आहे, ते ज्यांच्या ताटात यातलं काहीच नाही त्यांच्या ताटाची शुद्धता ठरवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तच ऑक्सिजन वाहून नेतं. जिच्या रक्तात लोह नाही, तिला ‘जोर लाव, जोर लाव’ म्हणून ओरडण्यात काय अर्थ आहे? म्हणून माझं मत स्पष्ट आहे : रक्ताची साधी तपासणी झाल्याशिवाय मुलींना कठीण पळापळ लावू नका. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात, आणि त्या मिळवून देणं हे प्रशिक्षकाचं काम आहे.

‘ही मुलं मुळातच काटक असतात’

एक वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. कदाचित स्टाफरूममध्ये कौतुकानं बोललेलं असेल : ‘त्या वस्तीतली पोरं मुळातच काटक असतात हो, त्यांना प्रशिक्षणाची काय गरज?’ आदिवासी मुलांबद्दल तर हे रोज म्हटलं जातं.

हे कौतुक नाही. हा जुनाच विचार आहे, नव्या कपड्यात. बुद्धी त्यांच्याकडं, हमाली आमच्याकडं, दोन्ही जन्मानं. शरीर जन्मानंच काटक असेल तर त्याला प्रशिक्षक नको, आहार नको, विश्रांती नको, बूटही नकोत. काटक म्हटलं की खर्च वाचतो.

पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला माणूस, जन्म १८७६चा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायचा, रोलर फिरवायचा, जाळी लावायचा. मग साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायला लागला. तासन्‌तास, वर्षानुवर्षं. त्या सगळ्या वर्षांत त्याच्या हातात सरावाला बॅट एकदाही दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांसाठी, घाम गाळणारी गोलंदाजी नोकरासाठी. त्याच गोलंदाजीनं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते मिळालं १९२३ साली, भांडून.

बाळूची डावखुरी फिरकी ही ‘काटक जातीची देणगी’ नव्हती. हजारो तासांच्या सरावाचं ते फळ होतं. फक्त त्या सरावाला प्रशिक्षण म्हटलं गेलं नाही, नोकरी म्हटलं गेलं.

म्हणूनच मी आजच्या शाळेच्या मैदानाकडं बघते तेव्हा एक प्रश्न विचारते : फक्की कोण मारतं? गाद्या कोण उचलतं? मैदान कोण झाडतं? मी स्वतः ज्या शाळेत शिकले तिथं क्रीडामहोत्सवाच्या आदल्या दिवशी झाडूसाठी ठरावीक मुलांची नावं पुकारली जायची, आणि आडनावांवरून यादी कशी बनली ते कळायचं. आमच्या इथं नियम आहे : झाडायची पाळी वहीत लिहिलेली असते, सगळ्यांची, माझीही. पहिल्या महिन्यात एका मुलाच्या घरून निरोप आला की आमचा मुलगा झाडू धरणार नाही. तो दोन आठवडे आला नाही. मग आला, आणि झाडलं. कारण त्याला पंचवीस मिनिटांत पाच किलोमीटर पळायचं होतं. मैदानाची ओढ कधीकधी भाषणापेक्षा जास्त काम करते.

पाणी

तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता की पळण्याआधी, पळताना, पळून झाल्यावर पाणी प्या. उन्हात मीठ-साखरेचं पाणी प्या. जयपूरमध्ये तर हा जीवनमरणाचा धडा. पण हा धडा आपण कुठं शिकवतो आहोत तेही बघा. याच राज्यात, जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावात, ऑगस्ट २०२२ मध्ये नऊ वर्षांचा एक मेघवाल मुलगा गेला. शिक्षकासाठी ठेवलेल्या माठातलं पाणी प्यायला म्हणून शिक्षकानं मारलं, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. याच शहरात उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. त्याला काळं फासायला ऑक्टोबर २०१८ मध्ये औरंगाबादहून कांताबाई अहिरे आणि शीला पवार इथवर आल्या होत्या. मराठी माणसाचा जयपूरशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी आधी या दोघींची नावं सांगते.

आमच्या मैदानावर पाण्याचा एकच मोठा जार आहे आणि एकच पेला. सुरुवातीला तीन-चार जण स्वतःच्या बाटल्या आणायची. आणू देत, मी काही बोलले नाही. फक्त शर्यतीच्या सरावात बाटली हातात घेऊन पळता येत नाही, आणि सहाव्या फेरीनंतर घसा सुकतो. जारपाशी जो पहिला पोचेल त्यानं पुढच्याला पाणी द्यायचं, एवढा नियम. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं ते तहान भागवायला नव्हे. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क सांगायला. तो इतिहास मी बैठका मारून दमलेल्या मुलांना जारपाशी बसूनच सांगते. तो वेगळा तास लागत नाही.

उंचीची पट्टी

एक मुलगा आमच्यात सगळ्यांत वेगवान. पाच किलोमीटर बावीस मिनिटांत. एका भरतीत तो उंची मोजताना बाद झाला. दोन सेंटीमीटर. पळायची वेळसुद्धा आली नाही. घरी येऊन म्हणाला, ‘मॅडम, उंचीचा काही व्यायाम आहे का?’

नाही. अठराव्या वर्षी नाही. उंचीचा बराचसा व्यायाम आईच्या पोटात आणि पहिल्या पाच वर्षांत होतो, आणि तो व्यायाम म्हणजे अन्न आणि आजारपणापासून बचाव. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानानं खुंटलेल्यांचं प्रमाण अनुसूचित जातींत सुमारे ३९ टक्के, अनुसूचित जमातींत सुमारे ४१ टक्के, आणि आरक्षणाबाहेरच्या कुटुंबांत सुमारे ३० टक्के आहे. भिंतीवरची पट्टी सगळ्यांना सारखीच मोजते, म्हणून तिला आपण गुणवत्ता म्हणतो. पण ती मोजते काय? अठरा वर्षांपूर्वी कुणाच्या घरात काय शिजत होतं, ते मोजते.

मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याचं दुःख कमी झालं नाही. पण एक गोष्ट झाली. ‘माझ्यात कमी आहे’ हे वाक्य तो त्यानंतर बोलला नाही. सध्या तो शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी अर्ज भरतो आहे आणि आठवड्यातून दोन दिवस लहान मुलांना शिकवतो.

लहुजींची तालीम, द्रोणाचा पुरस्कार

आपल्याला वाटतं की शरीर घडवण्याची परंपरा इतरांची आणि आपली फक्त पुस्तकाची. हे खरं नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे तालीम चालवत. मांग समाजातला हा वस्ताद. त्यांच्याकडं जोतीराव फुले दांडपट्टा, नेमबाजी शिकले. पुढं जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळांवर दगड, शेण येऊ लागलं तेव्हा लहुजींची माणसं पाठीशी उभी राहिली. त्यांची पुतणी मुक्ता त्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध लिहिला. म्हणजे तालीम आणि शाळा एकमेकींच्या विरुद्ध नव्हत्या. एकीनं दुसरीचं रक्षण केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदानही त्यांनीच बांधलं. एका हातानं नोकरीचं दार, दुसऱ्या हातानं आखाड्याचं.

आणि आजचं सरकार? उत्तम प्रशिक्षकाला १९८५ पासून जो पुरस्कार दिला जातो त्याचं नाव द्रोणाचार्य. आदिवासी मुलांसाठी ज्या निवासी शाळा काढल्या त्यांचं नाव एकलव्य. दोन्ही नावं एकाच सरकारची. गुरूच्या नावानं पुरस्कार आणि ज्याचा अंगठा गेला त्याच्या नावानं वसतिगृह. एकलव्याची गोष्ट आपण त्याच्या गुरुभक्तीसाठी सांगतो. मी आमच्या मुलांना ती प्रशिक्षणाची गोष्ट म्हणून सांगते : प्रशिक्षक नसताना एकट्यानं केलेला सराव राजपुत्राच्या वरचढ ठरला, म्हणून तो मोडावा लागला. अंगठा जन्मानं तयार झाला होता, नेम सरावानं.

मुली

मुलींबद्दल तीन व्यवहारी गोष्टी सांगते, कारण त्या पुस्तकात नसतात. एक, पळण्यासाठी योग्य अंतर्वस्त्र हे बुटाइतकंच आवश्यक साधन आहे. त्याच्या अभावी मुली पळणं सोडतात आणि कारण सांगत नाहीत. शाळेच्या क्रीडा निधीतून ते घ्या. दोन, पाळीच्या दिवसांत पळायचं की नाही हे मुलीनं ठरवायचं, ना आईनं, ना सरांनी. वहीत त्यासाठी फक्त एक टिंब. तीन, येण्याजाण्याच्या रस्त्याची सोय हा प्रशिक्षणाचाच भाग धरा. आमच्याकडं मुली गटानं येतात, गटानं जातात. गट मोडला की दुसऱ्या दिवशी दोघी कमी.

आणि यशाचीही किंमत असते हे त्यांना सांगून ठेवावं लागतं. टोकियोत आपल्या महिला हॉकी संघानं उपांत्य सामना हरला तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारच्या घरासमोर जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. ऑलिंपिकमध्ये गोलांची हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. तरीही. मैदान सगळं पुसून टाकतं, असं खोटं आश्वासन मी कुणाला देत नाही.

मग हे कशासाठी?

माझ्या सहकाऱ्यांनी मला एक कडक प्रश्न विचारला आहे, आणि तो टाळणं बरोबर नाही. ते म्हणतात, तू शेवटी आमच्या वस्तीतली शरीरं पोलिसांना आणि सैन्यालाच पुरवते आहेस. २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर तर चार वर्षांची नोकरी, आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम. बाकीचे बाविशीत परत. आणि जे पोलीस होतील ते उद्या कुणाच्या वस्तीत लाठी घेऊन शिरतील?

प्रश्न खरा आहे. पण वर्दीच्या नोकरीनं आपल्या आजोबांना काय दिलं हेही विसरता येत नाही. महार पलटणीतून शिक्षण आलं, पेन्शन आलं, आणि बाबासाहेबांचे वडीलही सैन्यातलेच शिक्षक. बीडच्या मांडव्यातला अविनाश साबळे, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा मुलगा, बारावीनंतर पाचव्या महार बटालियनमध्ये गेला. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत त्याच्या आयुष्यात आली ती सैन्यात गेल्यावर. २०२२ ला राष्ट्रकुलात रौप्य. ज्याला शाळेच्या वयात जे मिळायला हवं, त्यासाठी आपल्या मुलांना बंदूक खांद्यावर घ्यावी लागते, हा दोष मुलांचा नाही.

म्हणून नोकरीची निवड मी त्यांच्यावर सोडते. माझं काम एवढंच की ज्या ज्ञानावर इतरांचा कब्जा होता ते त्यांच्या हातात द्यावं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत शारीरिक शिक्षणाला ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. प्रशिक्षणाचं चक्र, ताकद, दम, वेग, लवचीकता, आहार, इजा, सगळं त्या पुस्तकात आहे. शहरातल्या मोठ्या शाळांत तो ‘गुण मिळवून देणारा सोपा विषय’ म्हणून घेतला जातो. ज्यांची रोजीरोटी त्या ज्ञानावर अवलंबून आहे त्या मुलांच्या शाळेत बहुतेकदा तो विषयच नसतो, किंवा शिक्षक नसतो.

तुम्ही शिक्षक आहात, म्हणून मागणं तुमच्याकडंच. नववी ते बारावीपर्यंत शाळेत जेवण आणि त्यात अंडं, ही मागणी आपल्या संघटनेच्या ठरावात घाला. शाळेचं मैदान सकाळी वस्तीतल्या मुलांना उघडं ठेवा, चौकीदाराच्या मर्जीवर नको. झाडण्याची पाळी लिहून लावा, त्यात स्वतःचं नाव पहिलं लिहा. मुलांच्या हातात वही द्या आणि झोप व जेवणाचे रकाने स्वतः वाचा. आणि ‘मुळातच काटक’ हे वाक्य स्टाफरूममध्ये कुणी बोललं, तर तिथंच, चहा खाली ठेवून, त्यांना विचारा : मुळात म्हणजे कुठं?

उद्या सकाळी साडेपाचला आम्ही मैदानावर असतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी या. झाडू दोन आहेत, घड्याळ एक आहे, जार भरलेला असेल.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.